धाकू तांडेलाचा उतार

"मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही, त्यामुळे मला त्याचं काही वाटतही नाही. पण या दिगंबर सापळ्यानं एका मेलेल्या माणसाला सव्वीस दिवस जिवंत ठेवलं होतं. डॉक्टर नाही, इंजेक्शन नाही. गादीवरचा एक लोड, एक कानटोपी आणि दोन दुधी भोपळे. बस्स."

तिघांच्या पेन्सिली एकदम थांबल्या.

मुरवणे बंदराच्या खाडीकाठी, पाण्यात उतरत जाणाऱ्या दगडी उतारावर आम्ही बसलो होतो. पोरं शहरातली, काठ कसे आखायचे ते शिकणारी. त्यांना टिपणीसबाईंनी पाठवलं होतं. "दिगूकाकांना भेटा, सगळं ऐकून घ्या आणि त्यातलं निम्मं सोडून द्या," असं बाईंनी बजावलं होतं म्हणे. कुठलं निम्मं, ते मात्र सांगितलं नव्हतं. तिथेच बाईंचा मोठेपणा.

"मेलेल्या म्हणजे?" शाल्मली नावाची चष्मेवाली मुलगी म्हणाली.

"मेलेल्या म्हणजे मेलेल्या. तू लिही."

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा. बांधकाम खात्यातून ट्रेसर म्हणून नुकताच सुटलो होतो. चाळीस वर्षं दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर पातळ कागद ठेवून त्याच रेघा पुन्हा ओढल्या. हात असा तयार झाला होता की पट्टीला शंका आली तर ती माझी रेघ बघून सरळ व्हायची. नगरपालिकेनं खाडीकाठ नव्यानं बांधायला काढला आणि ते काम मृण्मयी टिपणीस या बाईंच्या कचेरीला मिळालं. बाई जेमतेम चौतिशीच्या. पहिल्या दिवशी चपला हातात घेऊन गुडघाभर चिखलातून चालत आल्या आणि म्हणाल्या, "काका, या चिखलात रोज कोण कोण येतं, ते तुम्हाला माहीत आहे म्हणतात." मी म्हटलं, "खेकड्यांसकट सांगू की खेकडे सोडून?" बाई म्हणाल्या, "खेकड्यांसकट." त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे लागलो.

आमच्यात तिसरा इद्रिस परकार. इंजिनिअर, खाडीपलीकडच्या कारुळ गावचा. त्याला पाण्याशिवाय दुसरा विषय नाही. लग्नाच्या पंक्तीत बसला तरी ताटातली कढी कुठवर चढेल ते सांगणार.

कचेरी म्हणजे मिठाचं जुनं गोदाम. भिंतींना इतका खार की चहात साखर घालून कप खिडकीत ठेवला तर बेचव लागायचा. त्या भिंतीवर बाईंनी कोळशानं चार ओळी लिहिल्या. आधी दोन दिवस आम्ही तिघं त्या ओळींवरून भांडलो आणि जे तिघांना पटलं तेवढंच भिंतीवर गेलं. पाण्याची जागा पाण्याला ठेवायची, ही परकाराची. चालणारा माणूस आधी, गाडी नंतर, ही बाईंची. आपण निघून गेल्यावर जे इथे राहणार, त्यांना झेपेल तेवढंच बांधायचं, ही माझी. पालिकेचे बंद पडलेले दिवे मी चाळीस वर्षं बघत आलो होतो. आणि चौथी तिघांची मिळून: ज्याची रोजची जागा, त्याला विचारल्याशिवाय ती हलवायची नाही.

"हे ऐकायला छान वाटतं," दाढीवाला मुलगा म्हणाला. "पण प्रत्यक्षात करायचं कसं?"

"टिकल्यांनी."

बाईंनी बाजारातून लाल टिकल्यांची पाकिटं आणली होती. काठाचा मोठा नकाशा टेबलावर पसरलेला. जो माणूस रोज काठावर येतो त्याच्या जागेवर एक टिकली. कपडे धुणारी, जाळं विणणारा, सकाळी दात घासत उभा राहणारा, सगळ्यांना एकेक. नेम असा की लागोपाठ तीन दिवस बघितल्याशिवाय टिकली चिकटवायची नाही. महिन्यानं फेरमोजणी. माणूस तेव्हा येत नसेल तर टिकली काढायची. येत असेल तर त्या जागेवर रेघ ओढण्याआधी त्या माणसाला विचारायचं.

आणि आणखी एक नेम होता, तो भिंतीवर नव्हता, बाईंनी तोंडी सांगितला होता. "काका, आपण डोळे आहोत, हात नाही. बघायचं आणि लिहायचं. कुणाला आणून बसवायचं नाही, कुणाला उठवायचं नाही. एकदा आपण हात लावला की नकाशा आपला होतो, गावाचा राहत नाही."

माझ्या वाट्याला हा पट्टा आला. पुलाआधी कारुळची होडी इथून सुटायची, म्हणून हा उतार. होडी बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. उतारावर शेवाळ, कडेला फुटके नारळ. पहिल्या सकाळी सात वाजता आलो तर समोर शेवंतीवहिनी मासळीची हातगाडी उलटी धरून, पाय रोवत, एकेक पाऊल मागे खाली उतरवत होती. गाडीवर गोधडी, गोधडीवर तिचा नवरा धाकू तांडेल. चाळीस वर्षं त्यानं या उतारावरून होडी हाकली होती. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं.

चाकं पाण्याला लागली तशी वहिनीनं खाली दगड लावला. धाकूचे पाय गाडीवरून पाण्यात सोडले आणि स्वतः शेजारी बसली.

"काय रे दिगू," ती म्हणाली, "पेन्शनीत वहीचं वेड लागलं काय?"

"पालिकेचं काम आहे, वहिनी. कोण येतं ते लिहायचं."

"मग लिव. शेवंती आली, तांडेल आले. मी चालत, ते बसून."

"रोज येता?"

"रोज. भरतीचं पाणी पायाला लागलं की ह्यांना झोप येते. नाय लागलं तर छपराकडे डोळे लावून पडतात. दोन वर्षांत तोंडातून शब्द नाय. मी बोलते, हे ऐकतात." मग हळूच म्हणाली, "लग्न झालं तेव्हा उलटं होतं."

धाकूनं माझ्याकडे बघितलं. डोळे तेवढे पूर्वीचे होते. उतारूंनी होडीत गर्दी केली की बघायचा, तसे.

दुसऱ्या दिवशी सातला गेलो तर उतार रिकामा. आली दोघं आठ वाजता. तिसऱ्या दिवशी नऊ वाजायला आले. मी वहीत लिहिलं, "येतात, पण बेभरवशाचे." परकारानं ते वाचलं आणि हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला.

"दिगूभाऊ, जन्म खाडीत गेला ना तुमचा? भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. तांडेल घड्याळावर येत नाहीत. आख्ख्या गावात एवढा एकच माणूस वेळेवर येतो."

मी ती ओळ खोडली आणि नकाशावर उतारावर दोन टिकल्या लावल्या. एक वहिनीची, एक धाकूची.

भानगड तिथून सुरू झाली. नगराध्यक्षांना या जागी पायऱ्या हव्या होत्या. एकवीस पायऱ्या, काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. माणूस वाईट नव्हता. गावावर जीव होता, फक्त तो जीव लांबून फोटोत दिसावा अशी हौस होती. गोदामात येऊन ते नकाशाभोवती दोनदा फिरले आणि उतारावर बोट ठेवलं.

"मॅडम, अर्धं गाव बसेल अशा पायऱ्या. विसर्जनाला काय शोभा येईल! आणि तुम्ही सांगताय, या दोन टिकल्यांसाठी मी ते सोडू?"

"टिकल्या नाहीत, साहेब. माणसं आहेत."

"दोन!"

"दोनच आहेत. पण पायऱ्या झाल्या तर ती गाडी खाली येणार नाही. उद्या आणखी कुणाची येणार नाही. आज ते दोघं दिसतात, म्हणून आपल्याला कळलं तरी."

परकार मध्येच म्हणाला, "आणि पाण्याचं काय? उतारावर पाणी चढतं आणि उतरतं. पायऱ्यांवर आपटेल. पाच पावसाळ्यांत सांधे उघडतील."

नगराध्यक्षांनी रुमालानं मान पुसली. "बरं. तुमचीच फेरमोजणी आहे ना महिन्यानं? मी स्वतः येतो. तांडेल त्या दिवशीही गाडीवरून खाली येत असतील, तर उतार राहील. नसतील तर पायऱ्या. मग मात्र भिंतीवरची ओळ दाखवायची नाही. शब्द द्या."

बाईंनी शब्द दिला.

"आणि तांडेल वारले," शाल्मली म्हणाली.

"तू आधीच सांगितलंस तर मी काय सांगू? चौथ्या दिवशी. लेकीकडे पूजेला म्हणून पलीकडे कारुळला नेलं होतं, तिथेच गेले. तिथेच अग्नी दिला. इकडे कुणाला पत्ता नाही."

"असं कसं पत्ता नाही? एवढंसं गाव. आणि पूल होता ना?"

"पूल माणसांसाठी असतो. बातमी होडीनंच यायची, आणि होडी बंद होती."

"काका!"

"तू निम्मं सोडणार आहेस ना? मग हे त्या निम्म्यात घाल आणि पुढे ऐक."

तर मी वहिनीच्या घरी गेलो. ती ओटीवर बसली होती. मी म्हटलं, "वहिनी, झालं ते वाईट झालं. पण हे महिनाभर कुणाला सांगू नका. सांगितलंत तर टिकली जाईल, टिकली गेली की उतार जाईल."

"आता उतार राहून काय करायचा रे? खाली नेणार कुणाला?"

माझ्याकडे उत्तर नसतं तेव्हा मी युक्ती सांगतो. म्हटलं, "घरात लोड आहे?"

वहिनी मग उठली, आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज झाला. बाहेर आली तेव्हा हातात धाकूची तपकिरी कानटोपी, मफलर आणि कोपरावर रफू केलेला स्वेटर. "टोपी बसते काय बघ," म्हणाली. "लोडाचं डोकं ह्यांच्यापेक्षा मोठं हाय."

टोपी बसली. स्वेटर बसला. प्रश्न आला पायांचा. तांडेल येणार म्हणजे पाय पाण्यात पडलेच पाहिजेत. मी बाजारातून दोन लांबट दुधी आणले, त्यांना पायमोजे चढवले आणि सुतळीनं लोडाला बांधले. दुरून बघितलं तर मीच नमस्कार केला असता.

पहिल्या दिवशी फजिती. दुधी पाण्यात सोडले आणि ते टुणकन वर. तरंगतात, हे डोक्यातच आलं नव्हतं. नेमका परकार वर भिंतीवर बसून पाणी मोजत होता. ओरडला, "वहिनी, तांडेलांच्या पायात ताकद आली! बघा कसे उचलतायत!" दुसऱ्या दिवशी मी पायमोज्यांत खडे भरले. तिसऱ्या दिवशी एका चिंबोरी खेकड्यानं डावा पायमोजा ओढून नेला आणि धाकू तांडेलाचा हिरवागार पाय उघडा पडला. मी म्हटलं, शेवाळ चढलंय, बसून बसून.

पोरं हसून लोळायला आली होती. दाढीवाल्यानं विचारलं, "आणि हे रोज? सव्वीस दिवस?"

"एक दिवस चुकला नाही. भरती दुपारी असेल तर दुपारी, उन्हात. उतरताना सोपं असतं, गाडी आपण होऊन जाते, फक्त धरून ठेवायची. चढताना खरी परीक्षा. उजवं चाक कुरकुरायचं आणि अर्ध्यावर आलं की गाडी डावीकडे खेचायची. तिथे खांदा लावून क्षणभर थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढे. अंगातून धारा लागायच्या."

"एका लोडासाठी?" शाल्मलीनं चष्मा वर केला. "लोडाला वजन ते किती?"

"ओला लोड उचलून बघितलायस कधी?"

ती लिहायची थांबली. तशी ती हुशार.

दहाव्या की अकराव्या दिवशी टिपणीसबाई आल्या. एकट्या. मी तिकडे त्या भिंतीमागे होतो, वहिनी वर सुकटीला पाखरं लागली म्हणून हाकलायला गेली होती. बाई उतारावर आल्या आणि गाडीच्या शेजारी साडी सावरत दगडावर बसल्या. म्हटलं, आता मफलर सरकणार आणि सगळं उघडं पडणार.

बाई म्हणाल्या, "तांडेलकाका, तुम्हाला एक सांगू?"

तांडेलकाकांनी नाही म्हटलं नाही.

"आमच्या गावच्या नदीला घाट आहे. देखणा. छप्पन्न पायऱ्या. बाबा शेवटच्या वर्षी चाकाच्या खुर्चीत होते. मला रोज म्हणायचे, पाण्यापर्यंत ने. मी वरून दाखवायचे. म्हणायचे, बाबा, ते बघा पाणी. ते बघायचे आणि मान फिरवायचे. मी घाटांची चित्रं काढून बक्षिसं मिळवलेली मुलगी. माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही की घाट असा का."

मग त्यांनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, त्या पायांवर सोडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं. गेल्या तेव्हा डोळे पुसत नव्हत्या, पण रस्ता चुकून खाजणाच्या दलदलीकडे वळल्या आणि परत आल्या.

पोरं आता हसत नव्हती. हे असं होतं. गोष्ट सांगताना एखादी जागा अशी येते की तिच्यावर चढवायला माझ्याकडे काही नसतं. मी घाईनं पुढे सरकलो.

फेरमोजणीचा दिवस उजाडला. महिना फिरून भरती पुन्हा सकाळची आली होती, नवाच्या सुमाराची. नगराध्यक्ष पांढरे कपडे करून आले, बरोबर पायऱ्यांचं रंगीत चित्र. चित्रात पायऱ्यांवर फुगे घेतलेली माणसं काढली होती. बाई होत्या, परकार होता, मी होतो. आणि वरच्या गल्लीतून गाडी आली. चाकाची कुरकुर आधी, मग गाडी.

पाणी लागलं. दगड लावला. पाय सोडले.

नगराध्यक्षांचा चेहरा उतरला. दिलेल्या शब्दाचा माणूस होता, हे मी आजही सांगेन. पण चित्र हातात होतं, जीव सुटत नव्हता. म्हणाले, "मॅडम, येतात, कबूल. पण त्यांना तरी याची काय जाण? पाणी काय, गादी काय. बिचाऱ्यांना काही कळतच नसेल, तर ही टिकली त्यांची कशी? ती तुमची झाली."

हे वाक्य बाईंना लागलं. कारण ते त्यांच्याच मापाचं होतं. नकाशा आपला व्हायला नको, असं त्याच म्हणत आल्या होत्या. क्षणभर मला वाटलं, बाई आता माघार घेणार. परकारानं डोळे मिटून घेतले.

बाई म्हणाल्या, "मग विचारा."

"कुणाला?"

"आमची चौथी ओळ तीच आहे. ज्याची जागा, त्याला विचारायचं. तुम्हाला उतार काढायचा आहे, तुम्ही विचारा. ते जे सांगतील ते मी मानीन."

नगराध्यक्षांनी इकडेतिकडे बघितलं. मग चित्र परकाराच्या हातात देऊन ते खाली आले. बूट ओले झाले तरी आले. गाडीसमोर वाकले, आणि देवळात बोलतात त्या आवाजात म्हणाले, "तांडेलमामा, इथला उतार काढून पायऱ्या केल्या तर चालेल?"

लोड काय बोलणार? पाणी चाकाला चुबुकचुबुक लागत होतं. वर तारेवर बसलेला कावळासुद्धा गप्प. नगराध्यक्ष वाकलेले, त्यांची कंबर दुखायला लागली असणार. शेवटी टिपणीसबाई पुढे झाल्या, मफलरपाशी कान नेला, एकदा मान हलवली, नीट ऐकल्यासारखं पुन्हा एकदा हलवली आणि सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "नको म्हणतात."

नगराध्यक्षांनी लोडाला हात जोडले. खरंच जोडले! म्हणाले, "मामा, तुमचा शब्द मोडणार नाही." आणि तुम्ही बसलायत तो उतार राहिला. नुसता राहिला नाही, दीडपट रुंद झाला, कडेला धरायला कठडा आला, शेवाळावर पाय सरकू नये म्हणून दगड छिन्नीनं खरखरीत केला. आता बघा, बाबागाड्या येतात, कोळणींच्या हातगाड्या येतात, त्या पेठेतल्या मास्तरीण खुर्चीत बसून येतात. आणि एवढं सगळं कुणी केलं? एका लोडानं आणि दोन दुध्यांनी. उद्घाटनानंतर त्या दुध्यांची आम्ही भाजी केली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मान तुकवून घेतली, कारण टाळी कशाचीही असो, घ्यावी. पण शाल्मली टाळी वाजवत नव्हती. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

"खोटं," मागून आवाज आला.

शेवंतीवहिनी. अठ्ठ्याहत्तरची झालीय, काठी घेऊन चालते, पण उतारावर आली की काठी काखेत मारते. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"या वहिनी, बसा," मी म्हटलं. "गोष्ट संपलीच."

"संपली कशी? सुरूच खोट्यानं झाली." ती पोरांकडे वळली. "पोरांनो, हे मेले नव्हते. माझं मनगट मोडलं होतं. चौथ्या दिवशी, हितल्याच शेवाळावर पाय सरकून. प्लास्टर हितपासून हितपर्यंत. गाडी ओढणार कोण? मी ह्यांना सांगितलं, आता महिनाभर पाणी नाय. ह्यांनी छपराकडे डोळे लावले. दुसऱ्या दिवशी हा आला."

"वहिनी, पोरांना बसगाडी पकडायची आहे."

"पकडतील. हा आला आणि दांडी धरली. सव्वीस दिवस. टोपी हाच घालायचा, पाय हाच धुवायचा, चढावर फाटक्या अंगानं हाच ओढायचा. मी म्हटलं, रे दिगू, तुला मदत करायची बंदी हाय ना? तर म्हणतो, मी मदत करत नाय, वही खाली ठेवायला जागा नव्हती म्हणून हात गाडीवर ठेवलाय. ती बाई वरून बघायची आणि आपली वही मिटून घ्यायची. म्हणून आता हा लोड सांगतो, भोपळा सांगतो. गेल्या वर्षी केळीचा खांब होता."

शाल्मलीनं माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघत होतो. भरती बरी चढली होती.

"आणि नगराध्यक्षानं लोडाला विचारलं म्हणे! ह्यांना विचारलं. मी हिकडे उभी, प्लास्टरचा हात गळ्यात. बाई पुढे झाली नाय, कान लावला नाय, कुणाला काय सांगितलं नाय. उभी राहिली. सगळे उभे राहिले. ह्यांचं तोंड हललं. लाळ आली, मी पुसायला गेले तर बाईनं माझा हात धरला. पाणी चाकाच्या वर चढलं, एवढा वेळ. मला वाटलं, आता नाय. आणि हे म्हणाले, नको."

तिनं तो शब्द ज्या आवाजात म्हटला तो तिचा नव्हता. जाड, ओढलेला, होडीतून हाक आल्यासारखा.

"दोन वर्षांत माझं नाव घेतलं नाय ह्या माणसानं," वहिनी म्हणाली. "पहिला शब्द बोलला तो ह्या दगडासाठी. महिनाभर रुसले होते मी. भाकरी आपटून वाढायचे. हे हसायचे, अर्ध्या तोंडानं. त्यानंतर तीन वर्षं रोज आले खाली, तो एकच शब्द बोलून."

मी काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं. वहिनीनं काठी माझ्या गुडघ्यावर टेकवली. जोरात नाही.

"तुला कुणाला मारायचं ते मार, दिगू. ह्यांना मार, मला मार. स्वतःला गोष्टीतून काढ, तुझी खोड हाय ती. पण तो शब्द ह्यांचा हाय. लोडाला देऊ नकोस."